पाऊस शेतात, कन्सोल घरात : बिनतारी हवामान केंद्राच्या जागेचा प्रश्न

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, जेमतेम ७३. या दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या मुंबईत कुठे किती पडतो आहे हे घटकेघटकेला कळण्याची सोय त्या दिवशी नव्हती. पुढे महापालिकेने अग्निशमन केंद्रांसारख्या आपल्या इमारतींवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. राज्यात २०१७पासून महावेध प्रकल्पात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत केंद्रे उभी राहिली. निफाड, दिंडोरी, तासगावकडचे द्राक्षबागायतदार आता स्वतःच्या खर्चाने बागेत केंद्र बसवतात, कारण रात्री पान किती तास ओले राहिले यावर केवड्याची फवारणी ठरते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तर भरपाई मिळणार की नाही, हेच मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर अवलंबून असते.

म्हणजे केंद्रे वाढली. त्यांच्यात काय काय मोजले जाते याची चर्चाही पुष्कळ होते. मोजलेला आकडा पाहणाऱ्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा बसवणाऱ्या तंत्रज्ञावर सोडून दिला जातो आणि तो तंत्रज्ञ संध्याकाळच्या आत दुसऱ्या गावी पोचायच्या घाईत असतो. या लेखात त्याच प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे.

पेच असा आहे की केंद्राच्या जागेवर दोघांचा हक्क आहे आणि दोघांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. हवामानाची मागणी मोकळ्या जागेची. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, शक्यतो गवतावर हवा. वाऱ्याचा मापक दहा मीटरवर आणि जवळच्या अडथळ्यापासून त्या अडथळ्याच्या उंचीच्या दहापट दूर हवा. पर्जन्यमापक झाडा-इमारतींपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट, जमल्यास चौपट अंतरावर हवा. आपल्याकडच्या साध्या पर्जन्यमापकाचे तोंड तर जमिनीपासून फक्त ३० सेंटिमीटरवर असते. रेडिओची मागणी याच्या उलट. त्याला उंची हवी, घराची जवळीक हवी आणि मधे लोखंड किंवा पाणी नको.

या भांडणात बहुतेक ठिकाणी रेडिओ जिंकतो. रेंज मिळत नाही म्हणून पर्जन्यमापक गच्चीवर चढतो, तापमापक पत्र्याच्या शेडच्या कडेला टांगला जातो, आणि मोबाइलवर आकडे दिसू लागले की सगळे समाधानाने घरी जातात. माझ्या मते हा निवाडा चुकीचा आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. रेडिओ बिघडला की नोंदीत खाडा पडतो. खाडा डोळ्यांना दिसतो आणि माणूस दुरुस्तीला लागतो. तापमापकाची जागा चुकली तर खाडा पडत नाही. तापलेल्या स्लॅबवरचा तापमापक रोज दुपारी दोन-तीन अंश जास्त दाखवत राहतो आणि तो आकडा खराच मानला जातो. म्हणून आधी मापकांची जागा हवामानाच्या नियमाने ठरवावी आणि मग तिथून आकडा कसा आणायचा याची सोय करावी. ती सोय होऊ शकते. अँटेना हलवता येते, उंच करता येते, मधे रिपीटर घालता येतो. पावसाला मात्र जागा बदलायला सांगता येत नाही.

दूरच्या केंद्राचा आकडा आणण्याची अडचण नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४३मध्ये, एका जर्मन पाणबुडीने आज कॅनडात असलेल्या लॅब्राडॉर किनाऱ्यावर एक स्वयंचलित केंद्र उभारले. दर तीन तासांनी तापमान, दाब, वारा यांचे आकडे रेडिओने पाठवायचे, अशी त्याची रचना होती. बॅटऱ्यांच्या जड नळकांड्या आणि उंच अँटेना, सारे पाणबुडीवरच्या लोकांनी रबरी होड्यांतून आणून टेकडीवर चढवले. केंद्र फार काळ ऐकू आले नाही. ते मापकांमुळे बंद पडले, बॅटरीमुळे की रेडिओमुळे, हे युरोपात बसलेल्या माणसाला कळण्याचा मार्गच नव्हता. माणसाविना चालणाऱ्या केंद्राची ही मूळ अडचण आजही तशीच आहे. केंद्राच्या अवशेषांची ओळख १९८१मध्ये पटली. आता ते ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहेत.

आज आकडा आणायच्या वाटा ढोबळ मानाने चार आहेत. घरापर्यंतचा आखूड पल्ल्याचा रेडिओ, गावातल्या एखाद्या उंच जागेवरच्या गेटवेपर्यंत जाणारा, लोरासारखा लांब पल्ल्याचा रेडिओ, मोबाइलचे जाळे, आणि उपग्रह. शेतकरी, शाळा आणि हौशी निरीक्षक यांच्या वाट्याला बहुधा पहिली वाट येते. तिच्यातच जागेचा कस सर्वांत जास्त लागतो, म्हणून तिच्याकडे जास्त वेळ देतो.

अंतरापेक्षा उंची महत्त्वाची

कंपनीच्या माहितीपत्रकात पल्ला लिहिलेला असतो. डेव्हिस या कंपनीच्या प्रचलित केंद्राचा उघड्यावरचा पल्ला ३०० मीटर आणि नेहमीच्या परिस्थितीतला ६० ते १२० मीटर सांगितला जातो. या दोन आकड्यांतली तफावत नीट पाहा. सगळा विषय तिच्यात आहे. ३०० मीटर म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना दिसत असताना. आपल्याकडे मधे बाग असते, गोठा असतो, घराची भिंत असते.

मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की पोचणारी ताकद चौथ्या हिश्शावर येते. जमिनीलगत मात्र हिशेब बदलतो. थेट आलेली लहर आणि जमिनीवरून उसळून आलेली लहर एकमेकींना खोडू लागतात, आणि एका ठरावीक अंतरापलीकडे अंतर दुप्पट झाले की ताकद सोळाव्या हिश्शावर येते. ८६६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्याकडची केंद्रे बोलतात त्या वारंवारितेवर, एक टोक दोन मीटरवर आणि दुसरे तीन मीटरवर असेल, तर ही घसरण ७० मीटरच्या आसपास सुरू होते. घर आणि बागेतले अंतर बहुधा याहून जास्तच असते. पण याच गणिताची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. कोणत्याही एका टोकाची उंची दुप्पट केली की ताकद चौपट होते. दोन मीटरवरची अँटेना चार मीटरवर नेण्यासाठी लागतो तो फक्त एक जास्तीचा जीआय पाइप. पल्ला वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

उंची किती हवी, याचेही उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. रेडिओची लहर दोन टोकांमधून दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला मधोमध फुगलेली जागा लागते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. ८६६ मेगाहर्ट्झवर ३०० मीटर अंतरासाठी या फुगवट्याची मधली त्रिज्या सुमारे पाच मीटर आणि एक किलोमीटरसाठी सुमारे सव्वानऊ मीटर येते. त्यातली किमान ६० टक्के जागा मोकळी असावी असा नियम आहे. म्हणजे बागेतून ३०० मीटर जायचे तर मधल्या अडथळ्याच्या माथ्यावर तीन मीटर मोकळीक हवी. द्राक्षाचा मांडव माणसाच्या डोक्याएवढा, सुमारे दोन मीटर. त्यावर तीन मीटर धरले तर दोन्ही अँटेना जवळजवळ पाच मीटरवर जातात. दोन टोके एकमेकांना नुसती दिसतात म्हणून रेंज मिळेलच असे का नसते, ते यातून कळते. फक्त नजर पोचल्याने भागत नाही, नजरेच्या खालीही जागा मोकळी लागते.

मांडवात आणखी एक गोष्ट आहे. लोखंडी अँगल आणि त्यांच्यावर ताणलेल्या तारांची जाळी. अँटेना या जाळीच्या खाली असेल तर ती स्वतःहून पिंजऱ्यात बसली असे समजा. पानांच्या ओलाव्याचा मापक मांडवातच हवा, त्याला इलाज नाही. पण त्याची तार ओढून प्रेषकाची पेटी आणि अँटेना मांडवाच्या वर आणता येते. म्हणूनच केंद्र विकत घेताना मापक आणि प्रेषक वेगळे करता येतात का, हे मी किमतीच्या आधी विचारीन. सगळे एका दांड्यावर जोडलेले, स्वस्त, सुटसुटीत संच मिळतात; त्यांच्यात पाऊस, वारा, तापमान आणि अँटेना या चौघांनाही एकच उंची मिळते आणि ती चौघांपैकी कोणालाच योग्य नसते.

पाने, पाणी आणि पाऊस

पावसात सिग्नल जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डिशचा टीव्ही जोरदार पावसात बंद पडतो, हे सर्वांनी पाहिलेले असते. तो दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालतो आणि पावसाचे थेंब त्या लहरी खरोखर खातात. आपली केंद्रे ज्या लहरींवर चालतात त्या ८६६ मेगाहर्ट्झच्या, लांबीने सुमारे ३५ सेंटिमीटरच्या. थेंबांचा त्यांच्यावर काही मीटरांत तर नाहीच, काही किलोमीटरांतही जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

तरीही पावसाळ्यात नोंदी तुटतात, हे खरे आहे. कारण शोधायचे ते आभाळात नव्हे, झाडांत आणि जोडांत. पान म्हणजे पाणीच. वाईसबर्गर यांचे एक जुने, पुष्कळ वापरले गेलेले सूत्र आहे. त्यानुसार ५० मीटर दाट झाडीतून जाताना ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे १२ ते १३ डेसिबल गमावते, म्हणजे विसावा हिस्सा उरतो. हा आकडा कोरड्या पानांचा. ओल्या पानांनी तो आणखी वाढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेल्या सागाच्या किंवा पळसाच्या पलीकडे केंद्र बसवले तर ते छान चालते आणि जुलैत मुके होते. द्राक्षबागेत ऋतूंचा क्रम निराळा. तिथे ऑक्टोबर छाटणीनंतर मांडव उघडा असतो आणि दीड-दोन महिन्यांत भरून येतो. छाटणीच्या आठवड्यात घेतलेली रेंजची चाचणी म्हणूनच कामाची नाही.

दुसरे पाणी जोडात शिरते. अँटेनाच्या केबलचा कनेक्टर उघडा राहिला की पाणी आवरणाच्या आतल्या जाळीतून वाटेल तेवढे आत चढते आणि ती केबल कायमची निकामी होते. जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप घट्ट गुंडाळणे आणि पेटीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोल देणे, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, एवढ्याने हे टळते. पेटीची भोके बुजवावी लागतात ती गांधीलमाश्यांसाठी आणि मुंग्यांसाठीसुद्धा.

घराच्या आत

शेतातले टोक जपून बसवले जाते आणि घरातल्या टोकाला, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या कन्सोलला, जिथे खिळा मिळेल तिथे टांगले जाते. दुसरे टोक तितकेच महत्त्वाचे असते. मातीची किंवा विटांची भिंत रेडिओला बरीच वाट देते. जांभ्याच्या जाड, ओल्या भिंती कमी देतात. स्लॅबमधली लोखंडी जाळी त्याहून कमी, आणि पत्रा जवळजवळ काहीच नाही. पत्र्याच्या घरात किंवा शेडमध्ये कन्सोल शेताच्या बाजूच्या खिडकीत ठेवण्याला पर्याय नाही.

शहरातली एक रचना फार आढळते आणि ती सर्वांत वाईट आहे: केंद्र गच्चीवर आणि कन्सोल बरोबर त्याच्या खालच्या दिवाणखान्यात. अंतर चार मीटर, तरी नोंदी तुटतात. उभ्या अँटेनाचा प्रसार मेदूवड्यासारखा असतो. चहूबाजूंना भरपूर आणि वर-खाली, भोकाच्या दिशेला, जवळजवळ शून्य. त्यात मधे स्लॅब. तोच कन्सोल दोन खोल्या पलीकडे, गच्चीकडे तिरप्या रेषेत नेला तर बरेचदा अडचण सुटते.

दोन्ही अँटेना उभ्या असाव्यात. एक उभी आणि एक आडवी असेल तर ताकदीचा फार मोठा भाग वाया जातो. अँटेना लोखंडी खांबाला चिकटून समांतर बांधू नये. खांबाच्या टोकावर तरी घ्यावी, नाहीतर आडव्या हाताने किमान ३५ सेंटिमीटर दूर. आणि रेंज कमी वाटली तर कन्सोल खोलीभर हलवण्याआधी नुसता वीतभर सरकवून पाहावा. भिंतींवरून उसळणाऱ्या लहरी काही जागी एकमेकींना खोडतात, आणि अशी मुकी जागा अर्ध्या लहरीच्या, म्हणजे १७ सेंटिमीटरच्या अंतराने बदलते.

मग गोंगाट. स्वस्त एलईडी दिव्यांचे आणि चार्जरचे पुरवठे, इन्व्हर्टर, मोटारीचे स्टार्टर आणि ड्राइव्ह यांच्याजवळ कन्सोल ठेवू नये. शेतात रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन हा आपल्याकडचा खास त्रास आहे. कुंपणाची तार ओल्या गवताला टेकली किंवा इन्सुलेटर फुटला की दर झटक्याला ठिणगी उडते आणि प्रत्येक ठिणगी रेडिओच्या फार मोठ्या पट्ट्यात खरखर पसरवते. कुंपण दुरुस्त केले की केंद्रही सुधारते. शेजाऱ्याचे त्याच कंपनीचे केंद्र असेल तर दोघांचे ओळख-क्रमांक वेगवेगळे ठेवावे लागतात. कारखान्यातून बरेच संच एकाच क्रमांकावर येतात, आणि मग आपल्या कन्सोलवर शेजाऱ्याच्या बागेतला पाऊस दिसतो. आकडा शक्यतेतला असल्यामुळे ही गोष्ट महिनोन्महिने लक्षात येत नाही.

भारतात विनापरवाना वापरासाठी मुख्य मोकळीक आहे ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची. २००५च्या नियमांनी एक वॅटपर्यंतचे प्रेषक आणि चार वॅटपर्यंतची प्रभावी प्रसारित ताकद यांना मुभा दिली, आणि २०२१च्या नियमांनी पट्टा ८६८पर्यंत वाढला. याच पट्ट्यात टोलनाक्यावरचे फास्टॅग वाचकही बोलतात. नाक्याला लागून शेत असेल तर हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेतले संच ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. तिकडे मुले-भाचे असलेली पुष्कळ मराठी घरे आहेत आणि सुट्टीला येताना असे केंद्र भेट म्हणून आणले जाते. ते आणू नये. त्या पट्ट्याचा ९१५पर्यंतचा भाग भारतात मोबाइल फोन टॉवरशी बोलण्यासाठी वापरतात. ते यंत्र इथे बेकायदा तर आहेच, शिवाय गावाच्या टॉवरच्या कानात बोलत राहते. युरोपातले संच ८६८च्या थोडे वर चालतात. त्यांचीही वारंवारिता पाहूनच घ्यावे.

लांब पल्ला, मोबाइल, उपग्रह

लोराने गेल्या काही वर्षांत चित्र पालटले. हळू बोलणारा रेडिओ दूरवर ऐकू येतो, हे त्याचे मर्म. सर्वांत हळू वेगाला लोराचा रिसीव्हर सर्वांत जलद वेगापेक्षा सुमारे २५ पट क्षीण सिग्नल ओळखतो. पण त्याची किंमत आहे. तोच छोटा संदेश जलद वेगाला सेकंदाच्या विसाव्या हिश्शात संपतो आणि हळू वेगाला सेकंदाहून जास्त चालतो. तेवढी बॅटरी जाते आणि तेवढा वेळ हवा अडते. पाच-पन्नास केंद्रे एका गेटवेवर असतील तर सर्वांनी हळू बोलून चालत नाही. त्यापेक्षा गेटवेची जागा सुधारावी. गावातली उंच पाण्याची टाकी किंवा टेकडीवरचे देऊळ यासारखी जागा सापडली की केंद्रांचे काम निम्मे होते.

इथे एक चूक फार होते. गेटवे खाली कार्यालयात आणि अँटेना वर टाकीवर, मधे स्वस्त पातळ केबल. आरजी-५८ जातीची केबल या वारंवारितेवर दर मीटरला सुमारे अर्धा डेसिबल खाते. दहा मीटरमध्ये ताकदीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. टाकीवर चढवून मिळवलेला फायदा केबलमध्ये सांडून जातो. गेटवेची पेटीच वर बसवावी आणि खाली नेटवर्कची तार आणावी. आणि अर्थिंग. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या विजांचा मारा ठाऊक असलेल्या माणसाला यावर जास्त सांगायला नको. उंच जागेवरच्या लोखंडी खांबाला स्वतंत्र अर्थिंग आणि केबलवर विजेपासून संरक्षण देणारा जोड नसेल तर ते केंद्र एखाददुसऱ्या हंगामाचेच.

मोबाइलच्या वाटेचा मोठा गुण असा की घराशी संबंधच उरत नाही. राज्यातली बहुतेक मोठी जाळी या वाटेने जातात. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही किनाऱ्यावरची हवामान आणि समुद्रपातळीची केंद्रे मोबाइलच्या जाळ्याला जोडली. जागा ठरवताना खिशातल्या फोनवरच्या दांड्या पाहून भागत नाही. केंद्रातला मॉडेम कोणत्या पिढीचा आणि कोणत्या कंपनीच्या कार्डावर आहे हे पाहावे लागते. जिओच्या जाळ्यात २जी कधी नव्हतेच, आणि एअरटेलने ३जी बंद केल्यावर फक्त ३जीवर विसंबणारे मॉडेम त्या जाळ्यात निरुपयोगी झाले.

या वाटेचा दोष नेमका गरजेच्या दिवशी उघडा पडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि श्रीवर्धन-मुरुडकडची गावे कितीतरी काळ संपर्काबाहेर राहिली. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडले आणि चिपळूण बुडाले. अशा वेळी केंद्राजवळ स्वतःची स्मृती हवी. आकडा तिथेच साठवायचा आणि वाट उघडली की मागचा सगळा पाठवायचा. अशी स्मृती असलेले केंद्र दोन दिवस मुके राहिले तरी नोंद पूर्ण राहते. ती नसलेले केंद्र घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

उपग्रहाची वाट भारतीय हवामान विभागाने १९८०च्या दशकापासून वापरली आहे. केंद्र ठरलेल्या वेळी काही क्षण इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहाकडे बोलते आणि पुण्यातले ग्रहण केंद्र ते ऐकते. पुण्याहून पाहिले तर ७४ अंश पूर्व रेखांशावरचा इन्सॅट जवळजवळ सरळ दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६८ अंशांवर असतो. एवढ्या उंचीमुळे सह्याद्रीची खोल दरीसुद्धा आड येत नाही. कोयनेच्या किंवा आंबोलीच्या खोऱ्यात ही वाट सर्वांत भरवशाची ठरू शकते. अडते ते डोक्यावरचे झाड. इथे जागा पाहणाऱ्याने क्षितिज न पाहता दक्षिणेकडचे वरचे आभाळ पाहायचे. या वाटेची मर्यादा अशी की ती एकेरी आहे. केंद्र बोलते, पण आपले कोणी ऐकले का हे त्याला कळत नाही.

वाट कोणतीही असो, बॅटरी संपली की सगळे संपते. पावसाळ्यात केंद्र बंद पडले की दोष रेंजला दिला जातो; पुष्कळदा तो सौर पॅनेलचा असतो. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेकडे बऱ्यापैकी कलते लावायची रीत आहे. नाशिकच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि नंतरही ढगांतून येणारा उजेड सगळ्या आभाळातून सारखा येतो. ज्या महिन्यांत ऊर्जेची ओढाताण, त्याच महिन्यांत जास्त कलते पॅनेल तोट्याचे. कल थोडाच ठेवावा, पाणी आणि धूळ ओघळून जाईल इतपत, आणि घाटमाथ्यावर बॅटरी धुक्याचे दोन-तीन आठवडे धरून मोठी घ्यावी.

पोचले किती, हे मोजायला हवे

एक गोष्ट जागेशी थेट जोडलेली नाही, पण तिच्यामुळे जागेची चूक पदरात घेता येते: संदेशात काय पाठवायचे. पर्जन्यमापकातली वाटी दर ०.२ मिलिमीटरला उलटते. केंद्र जर ‘गेल्या मिनिटात किती वेळा उलटली’ एवढेच पाठवत असेल तर एक संदेश हरवला की तेवढा पाऊस हरवला. ‘आजवर एकूण किती वेळा उलटली’ असा चढता आकडा पाठवला तर मधले दहा संदेश हरवूनही अकरावा सगळा हिशेब जुळवतो. वाऱ्याच्या झोताचे मात्र तसे होत नाही. तो हरवला की गेला. पावसाची बेरीज, पानांचा ओलावा यांच्यासाठी साधारण रेंज चालून जाते, पण वादळाचा झोत पकडायचा असेल तर चालत नाही. आपल्याला काय हवे आहे ते आधी ठरवले तर किती रेंज पुरेशी याचेही उत्तर मिळते.

चाचणी घ्यायची ती सर्वांत वाईट दिवसांत, झाडी भरलेली, पाने ओली, मोटारी चालू असताना. कोरड्या दिवसांतच घ्यावी लागली तर गरजेपेक्षा १५ ते २० डेसिबल जास्तीची ताकद शिल्लक आहे की नाही पाहावे. ती शिल्लक पावसाळ्यात कामी येते. आणि चाचणी म्हणजे पाच मिनिटे कन्सोलकडे पाहणे नव्हे. पूर्ण दिवस-रात्र किती संदेश पाठवले आणि किती पोचले याचा टक्का काढायचा. बऱ्याच संचांत हा टक्का दाखवायची सोय असते. तो पडदा कोणी उघडत नाही, एवढेच.

हीच गोष्ट मोठ्या जाळ्यांनाही लागू आहे, आणि म्हणून एक मागणी. मंडळाच्या केंद्राचा दिवसाचा पाऊस जाहीर होतो, त्यावर विम्याचा निर्णय होतो, पण त्या दिवसाच्या अपेक्षित नोंदींपैकी किती खरोखर पोचल्या हे शेतकऱ्याला दिसत नाही. ‘शून्य मिलिमीटर’ म्हणजे पाऊस पडला नाही की केंद्र ऐकूच आले नाही, हा फरक त्याच्यासाठी भरपाईचा फरक आहे. कृषी विभागाने आणि विमा कंपन्यांनी प्रत्येक केंद्राच्या पावसाच्या आकड्याशेजारी पोचलेल्या नोंदींचा टक्का रोज जाहीर करावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. नोंदी येतात त्या संगणकात हा आकडा आधीच तयार असतो.